चौकोन रिकामा येतो

अण्णांचा कशावरच विश्वास नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. कुलपांवर होता. चांगल्या, जाड, पितळी कुलपांवर. माणसांचं मात्र कठीण होतं. दूधवाला सकाळी हसला तर अण्णांना वाटायचं, यानं आज पाणी घातलंय. आणि नाही हसला तर वाटायचं, घातलंय आणि वर तोंड चुकवतोय. घराची जादा किल्ली ते सारखी नव्या जागी लपवत, म्हणजे चोराला अंदाज येऊ नये. चोर काही कधी आला नाही, पण हळूहळू अण्णांनाही अंदाज येईनासा झाला. एकदा ती किल्ली त्यांच्या लग्नातल्या बुटात निघाली, आणि तोवर बायकोने दुसरी करून आणली होती. "एक दिवस स्वतःलाच कुठेतरी ठेवून द्याल," बायको म्हणाली, "आणि मग मला शोधत बसायला लावाल."

ऑफिसात त्यांना तोंडावर अण्णा म्हणत आणि पाठीमागे दुर्बीण. लोखंडी जिन्यावर त्यांची पावलं वाजली की कुणीतरी पुटपुटायचं, "दुर्बीण आली," आणि सगळे उगाचच कामाला लागायचे. हे नाव अण्णांच्या कानावर गेलं होतं. ते कुणी ठेवलं याचा त्यांनी शोधही घेऊन पाहिला. संशय सगळ्यांवर आला, पण एकावरही पक्का होईना, म्हणून तो विषय त्यांनी तात्पुरता बाजूला ठेवला होता.

आता अशा माणसाला हिशेबाला बसवावं की नाही? मालकीणबाईंचं म्हणणं होतं, असाच बसवावा. आजारी माणसाच्या घरी लागणाऱ्या वस्तू भाड्याने द्यायची त्यांची कंपनी होती. वरखाली होणारे पलंग, चाकांच्या खुर्च्या, ऑक्सिजनची यंत्रं. खाली गोदाम, वर ऑफिस, आणि ऑफिसच्या कोपऱ्यात काचेच्या पार्टिशनमागे अण्णा. तिथून त्यांना सगळे दिसत आणि सगळ्यांना ते दिसत, पण अण्णा फक्त पहिल्या गोष्टीचा विचार करत.

माल निघाला की त्यासोबत एक स्लिप छापली जायची. स्लिपवर नाव, पत्ता, फोन, आणि खाली एक चौकोन. त्या चौकोनात जान होती. 'बेल वाजवू नका, आजोबा दुपारचे झोपतात.' 'जिना अरुंद आहे, पलंग सुटा करून न्या.' 'कुत्रा आहे, आधी फोन करा.' टेम्पोवाला चौकोन वाचायचा आणि त्याप्रमाणे वागायचा. घरात माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, बाकीची माणसं जागरणांनी चिडचिडी झालेली असतात, अशा वेळी बेल न वाजवता दारावर हलकी टिचकी मारणारा टेम्पोवाला कुणाला नको असतो? शहरात दुसऱ्या कुणाच्या स्लिपवर असा चौकोन नव्हता. लोक त्या चौकोनासाठी परत येत, आणि तो चौकोन अण्णांच्या डोक्यातून निघालेला होता. हे त्यांचं श्रेय कुणी नाकारू नये.

हिशेबाचं सॉफ्टवेअर हे रेडीमेड शर्टासारखं असतं. कुणाच्याच अंगाला नीट बसत नाही, मग शिंप्याकडे नेऊन बाह्या आखूड करून घ्याव्या लागतात. अण्णांनी फार पूर्वी एका सॉफ्टवेअरवाल्याच्या मानगुटीवर बसून दोन छोट्या फाइली करून घेतल्या होत्या. त्यांना कस्टमायझेशन फाइल म्हणतात. पहिली फाइल स्लिपवर चौकोन आखायची. दुसरी, ग्राहकाच्या नोंदीत लिहिलेली सूचना उचलून त्या चौकोनात आणून टाकायची. ग्राहकांच्या नोंदी फक्त अण्णांच्या कॉम्प्युटरवर उघडत. पुढे तो सॉफ्टवेअरवाला परदेशी गेला आणि अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एक तोंड कमी झालं.

मग एक दिवस स्लिपा काढणारा जुना ऑपरेटर नोकरी सोडून पुलापलीकडच्या कंपनीत गेला. त्यांचाही धंदा हाच. आपल्या फाइली घेऊन गेला असेल का? नसेल नेल्या तर उद्या कुणाकरवी मागवेल का? अण्णांनी केबिनचं दार आतून लावलं आणि फोल्डरचा बंदोबस्त केला. पासवर्ड घातला, तो बदलला, फाइलींची नावं इकडची तिकडे केली, मग सगळी परत सरळ केली, आणि वर आणखी एक पासवर्ड ठोकला. त्या दिवशी घरी जाताना त्यांना फार हलकं वाटलं.

रिकाम्या झालेल्या खुर्चीवर त्यांनी आपली भाची आणून बसवली.

भाची म्हणजे अक्काची मुलगी. अक्का ही अण्णांची मोठी बहीण, आणि खरं सांगायचं तर आईच. आई लवकर गेली तेव्हा अक्काने शाळा सोडली आणि या पोराच्या पाठीशी उभी राहिली. आता ती आणि तिची मुलगी एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत. दोघीच बायका म्हणून अण्णांनी त्यांच्या दाराला बाहेरचं बघायचं भिंग आणि आतून साखळी बसवून दिली होती. स्वतः ड्रिल घेऊन. अक्काने दोन्ही कधी वापरलं नाही. दारावर थाप पडली की ती सरळ दार उघडायची. "दारात आलेला माणूस वाट बघत असतो," ती म्हणायची. "त्याला आधी भिंगातून काय न्याहाळायचं?" अण्णा कपाळावर हात मारून घ्यायचे.

भाचीला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, ऑफिसात मामा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. उगाच लोकांना वाटायला नको की घरच्या माणसाला ढील देतात. ढील तर सोडाच, अण्णांनी तिच्यावर इतरांपेक्षा जास्तच नजर ठेवली. घरचा माणूस आतला असतो, आणि आतल्या माणसाला वाटा माहीत असतात, असं त्यांचं गणित होतं. त्यात पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "सर, हा चौकोन रिकामा येतो. ती माहिती कुठल्या फोल्डरमध्ये असते?" झालं. अण्णांच्या मनात पाल चुकचुकली. आल्या आल्या फोल्डर? त्यांनी मान वर न करता सांगितलं, "फोल्डरच्या वाटेला जायचं नाही. स्लिप भरून नीट निघाली पाहिजे, एवढंच तुझं काम." ती बरं म्हणाली. पुन्हा कधी विचारलं नाही, आणि स्लिपा नीट निघत राहिल्या. अण्णा अधूनमधून एखादी उचलून बघत. चौकोन भरलेला. आपली सिस्टिम म्हणजे सिस्टिम, असं मनाशी म्हणून ते ती परत ठेवत.

पोरीचं काम चोख होतं. खोड एकच, फोन. दिवसभर कानाला फोन लावून हळू आवाजात काहीतरी चालू असायचं. काचेतून अण्णांना ओठ हललेले दिसत, ऐकू काही यायचं नाही. त्यांनी मान वर केली की ती आवाज आणखी खाली आणायची. एवढं काय बोलते ही, आणि कुणाशी?

असं बरंच चाललं. मग सॉफ्टवेअरच्या कंपनीने कळवलं की तुमचं व्हर्जन आता जुनं झालं, नवं घ्या, नाहीतर आमची जबाबदारी संपली. अण्णांना यातही डाव दिसला, पण इलाज नव्हता. स्लिपांसाठी नवा कॉम्प्युटर आला, आणि तो लावायला एक सॉफ्टवेअरवाली बाई आली. शांत, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि बोलायच्या आधी पडदा नीट वाचायची सवय. जुना कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून तिने नव्यावर काम सुरू केलं आणि थोड्या वेळाने अण्णांना बोलावलं.

"तुमच्या जुन्या सिस्टिममध्ये दोन कस्टमायझेशन फाइलींची नोंद आहे. फोल्डरमध्ये मात्र एकच सापडते. दुसरी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? तिथेच आहे."

"तिथे नाही. चौकोन आखायची आहे. सूचना आणायची नाही."

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. ते धावत जाऊन आदल्या दिवशीची एक स्लिप घेऊन आले. चौकोनात सूचना व्यवस्थित छापलेली होती. "ही बघा. काल होती की नाही? काल होती आणि आज नाही. याचा अर्थ काय होतो?"

"काय होतो?" बाईने विचारलं.

"कुणीतरी नेली."

बाई म्हणाली, असं लगेच ठरवू नका, फाइल कधीकधी नुसती जागा बदलते, आपण शोधू. आणि नाहीच मिळाली तर नवी लिहून देता येते. नवी लिहून देता येते, हे ऐकल्यावर अण्णांना आधी हिचाच संशय आला. हीच गायब करणार, हीच नवी विकणार. पण फोल्डर उघडताना ते स्वतः तिच्या खांद्यावरून डोळ्यांत तेल घालून बघत होते, तेव्हा तो संशय त्यांना नाइलाजाने सोडावा लागला. मग राहिलं कोण? काचेपलीकडे भाची कानाला फोन लावून बसली होती.

संशयाचं असं असतं, तो एकदा चढला की त्याला पुरावे आपोआप मिळत जातात. पहिल्या दिवशी फोल्डरची चौकशी. हळू आवाजातले फोन. आणि मागच्याच आठवड्यात अण्णांनी तिला बसस्टॉपवर एका माणसाशी बोलताना पाहिलं होतं. त्याच्या शर्टाच्या खिशावर पुलापलीकडच्या कंपनीचं चिन्ह होतं. अण्णा तेव्हा पानाच्या टपरीमागे उभे राहून बघत राहिले होते. पान न खाणारा माणूस एवढा वेळ का उभा, म्हणून टपरीवाल्यालाच त्यांचा संशय आला होता.

त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"फाइल कुठे आहे?"

"कसली फाइल?"

"वेड पांघरू नकोस. चौकोनाची."

तिचा चेहरा गोंधळला. "मी फोल्डरला कधी हातच लावला नाही. तुम्हीच सांगितलं होतं. आणि मामा, चौकोनाचं म्हणाल तर—"

"मामा नाही," अण्णा म्हणाले. "चौकोनाचं जे काय ते मालकीणबाईंना सांग."

मालकीणबाईंसमोर ती फार बोललीच नाही. मी ती फाइल कधी बघितलेली नाही, एवढंच म्हणाली, आणि मी काय काम करते ते सरांना माहीत आहे, त्यांना विचारा. अण्णांना हे उत्तर फार चलाख वाटलं. मालकीणबाईंनी उसासा टाकला आणि छडा लागेपर्यंत तिला घरी बसायला सांगितलं. तिने आपली पाण्याची बाटली आणि चार्जर पिशवीत टाकला. जिना उतरताना तिची पावलं वाजलीच नाहीत, इतकी हळू उतरली. अण्णा तिला हाक मारायला खुर्चीतून अर्धे उठले होते, हे खरं आहे. पण ते परत बसले. कामाच्या जागी नातं आणायचं नाही, असं ते स्वतःला सांगत होते. संध्याकाळी अक्काचा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. पुन्हा आला, तेव्हा बायकोच्या हातात दिला. बायको बोलून आली आणि त्यांच्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून स्लिपा अण्णांनीच काढायला घेतल्या. नव्या सॉफ्टवेअरमधून. चौकोन छान निघायचा, काळ्या रेघांचा, आणि आत काही नाही. पहिल्या काही स्लिपांवर त्यांनी पेनने सूचना लिहिल्या. मग बिलांचा ढीग अंगावर आला आणि ते म्हणाले, जाऊ दे, टेम्पोवाल्याला घरं पाठ आहेत.

टेम्पोवाल्याला घरं पाठ नव्हती. एक पलंग अरुंद जिन्यात असा अडकला की वरचे खाली येईनात आणि खालचे वर जाईनात. एका घरी बेल वाजली आणि रात्रभर जागून नुकताच डोळा लागलेला पेशंट दचकून उठला. त्या घरच्या सूनबाईंचा फोन अण्णांनी घेतला.

"दर वेळी तुमची ती मुलगी आधी फोन करते," सूनबाई म्हणाल्या. "झोपलेत का, कुणी घरात आहे का, किती वाजता पाठवू, सगळं विचारते. या वेळी का नाही केला? कुठे आहे ती?"

अण्णांनी रिसीव्हर खाली ठेवला, आणि त्यांच्या डोक्यात काय आलं असेल? पोरीचा चांगुलपणा? छे. त्यांच्या डोक्यात आलं, सापडली. ही आपल्या ग्राहकांना परस्पर फोन करत होती. ओळखी वाढवत होती. उद्या पुलापलीकडे जाताना सगळी घरं पदरात बांधून नेणार होती. ते तरातरा जिना उतरून गोदामात गेले. टेम्पोवाला चाकांच्या खुर्च्या पुसत होता, आणि सॉफ्टवेअरवाली बाई तिथल्या प्रिंटरची जोडणी करत बसली होती.

"ती ग्राहकांना फोन करायची, हे तुला माहीत होतं?" अण्णांनी टेम्पोवाल्याला विचारलं.

"हो."

"आणि तू मला बोलला नाहीस?"

टेम्पोवाल्याने फडकं खांद्यावर टाकलं. "यात बोलायचं काय अण्णा? फोन केल्याशिवाय चौकोनात लिहिणार काय ती?"

"चौकोनात फाइल लिहिते."

"कसली फाइल? चौकोन ताई भरायच्या. एकेक स्लिप. घरी फोन करायच्या, विचारायच्या, मग टाइप करायच्या. पहिल्यापासून. मला वाटलं तुम्हीच तसं लावून दिलंय."

अण्णा हसले. हसायला पाहिजे म्हणून. "काहीतरी बडबडू नकोस."

सॉफ्टवेअरवाली बाई उठली. "बघून घेऊ या," ती म्हणाली. "जुना कॉम्प्युटर अजून तसाच आहे. त्याला मी हात लावलेला नाही."

तिघे वर गेले. भाचीच्या खुर्चीवर अण्णा बसले. जुन्या सॉफ्टवेअरमधून, जसं रोज चालत होतं तसं, त्यांनी एका घराची स्लिप काढली. नाव आलं, पत्ता आला, फोन आला. चौकोन रिकामा. अण्णांनी दुसऱ्या घराची काढली. रिकामा. तिसऱ्या वेळी त्यांचं बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं.

"सूचना नव्या व्हर्जनमुळे येईनाशी झालेली नाही," बाई म्हणाली. "जुन्यातही येत नव्हती. फाइल हरवलेली असली की हे सॉफ्टवेअर ओरडत नाही, गपचूप जागा मोकळी सोडतं." मग तिने अण्णांच्या केबिनमधलं ते फोल्डर पुन्हा उघडायला लावलं आणि या वेळी नावं न बघता आकार आणि तारखा बघत खाली गेली. एका जागी थांबली. "ही 'पंख्याची वॉरंटी' काय आहे?"

ऑफिसात एसी होता. पंखा कधी नव्हताच.

अण्णांना आठवलं. केबिनचं दार आतून लावलेलं, तो ऑपरेटर नुकताच गेलेला, आणि चोराला कळू नये म्हणून त्यांनी आपल्या लाडक्या फाइलीला असं नाव दिलं होतं की कुणी ढुंकून बघणार नाही. पंख्याच्या वॉरंटीकडे कोण बघतो? नंतर सगळी नावं परत सरळ केली होती. म्हणजे, केली असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. बूट, किल्ली, बायको, सगळं त्यांना एकदम दिसलं. मग त्यांना भाचीचा पहिला दिवस दिसला. सर, हा चौकोन रिकामा येतो. ती फोल्डर मागत नव्हती. ती सांगत होती. आणि त्यांनी मान वर केली नव्हती.

बाईने फाइलीला तिचं खरं नाव दिलं आणि स्लिप काढली. चौकोनात अक्षरं आली. 'बेल वाजवू नका, आजोबा दुपारचे झोपतात.' अण्णांनी कागद हातात घेतला. आता तरी त्यांना बरं वाटायला हवं होतं.

टेम्पोवाल्याने वाकून वाचलं. "ते आजोबा केव्हाच गेले, अण्णा," तो हळू म्हणाला. "आता तिथे आजी असतात. त्यांना कमी ऐकू येतं. ताई लिहायच्या, बेल दोनदा वाजवा."

अण्णांनी कागद टेबलावर ठेवला. फाइल सापडली होती, आणि चौकोन अजूनही चुकीचाच होता. पोरगी तो रोज त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या नजरेला भिऊन हळू आवाजात भरत होती, आणि ते तो आपल्या सिस्टिमच्या नावावर जमा करत होते. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की काचेतून कुणी बघतंय का, हेही त्यांनी पाहिलं नाही.

आता सरळ मालकीणबाईंकडे जाऊन सगळं सांगायचं, एवढंच काम होतं. अण्णा गेलेही. "फाइल सापडली," ते म्हणाले.

"कुठे?"

"फोल्डरमध्येच होती."

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे, तिने परत ठेवली?"

इथे अण्णांनी नाही म्हणायचं होतं. एक शब्द. पण इतक्या वर्षांचा पितळी कुलपाचा माणूस, त्याच्या हातून किल्ली हरवली हे त्याच्याने कसं सांगवणार? "बघतो जरा," असं काहीतरी म्हणून ते बाहेर पडले, आणि जिना उतरता उतरता त्यांना कळलं की आपण आता नुसती चूक केलेली नाही, पोरीला चोर ठरवून आलोय. पहिल्यांदा तरी अजाणता होतं.

ते तसेच अक्काच्या घरी गेले. मध्ये बस बदलावी लागते, ती बदलली की नाही हेही त्यांना नंतर आठवेना. वरच्या मजल्यावर पोचून त्यांनी दारावर थाप मारली आणि सवयीने एक पाऊल पुढे टाकलं, कारण त्या घराचं दार थाप मारताच उघडतं.

उघडलं नाही. दारातलं भिंग अंधारलं. आतून कुणीतरी बघत होतं. अण्णांना काय करावं कळेना. चेहऱ्यावर कुठला भाव ठेवावा हेही कळेना. मग कडी सरकली आणि दार साखळीच्या लांबीएवढं उघडलं. फटीत भाचीचा अर्धा चेहरा होता. मागे अक्का भिंतीला टेकून उभी होती, आणि ती पुढे आली नाही.

"काय काम होतं, सर?" भाची म्हणाली.

घरात, सर. अण्णांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "फाइल मीच लपवली होती. नाव बदलून. आणि विसरलो. तू नेलेली नव्हतीस."

"ते मला माहीत आहे."

"चौकोन तू भरायचीस. मला माहीत नव्हतं गं."

तिने त्यांच्याकडे बघितलं. "मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही स्लिपा बघायचात ना. मला वाटायचं, मामा बोलत नाहीत, पण बघतात." तिचा आवाज जरा हलला, तो तिने सावरला. "मालकीणबाईंना सांगितलंत?"

अण्णांची नजर साखळीवर गेली.

"नाही सांगितलं," मागून अक्का म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. लहानपणी खिशात लपवलेली गोष्ट ती अशीच ओळखायची.

अण्णांनी खिशातून फोन काढला. तिथेच, जिन्याच्या कठड्याशी उभं राहून त्यांनी मालकीणबाईंना फोन लावला आणि आवाज बाहेर ऐकू येईल असा केला. "फाइल माझ्या हातून गेली होती," ते म्हणाले. "पोरीने तिला कधी हात लावला नाही. उलट फाइल नसताना सगळं काम तीच करत होती, हाताने. मी तिच्यावर खोटा आळ घेतला."

पलीकडून प्रश्न आला, "हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"बरं. तिला उद्या यायला सांगा, येणार असेल तर. आणि तुम्ही आधी मला भेटा."

फोन बंद झाला. अण्णांच्या जिभेच्या टोकावर एक प्रश्न अजून वळवळत होता. बसस्टॉपवरचा तो माणूस कोण होता? खिशावर चिन्ह असलेला? आत्ता विचारलं तर कदाचित ती सांगेलही. कदाचित तिथे नोकरी बघत असेल, कदाचित नुसता शेजारी असेल. अण्णांनी तो प्रश्न गिळून टाकला. हे त्यांना फार जड गेलं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण भाचीने त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं.

मग तिने दार लावून घेतलं.

साखळी काढायची तर दार आधी पूर्ण लावावं लागतं. हे अण्णांना ठाऊक होतं, साखळी त्यांनीच बसवली होती. पण दार कायमचं लावायचं असेल तरीही ते तसंच लावतात, हेही त्यांना ठाऊक होतं. आतून काही आवाज येईना. एरवी अशा वेळी त्यांनी दाराला कान लावला असता. आज ते तिथेच, एक हात कठड्यावर ठेवून उभे राहिले.

खालच्या मजल्यावरचा शेजारी गच्चीवर निघाला होता. त्याने बंद दाराकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. "कोणी नाही का घरी?"

"आहेत," अण्णा म्हणाले. "उघडतायत."